फर्मवेअर खुले करा, हे कंपनीला कसे पटवावे?

प्रश्न : माझा लॅपटॉप उत्तम चालतो, परंतु त्याच्या फर्मवेअरचे अपडेट कंपनीने चार वर्षांतच बंद केले. मुक्तस्रोत फर्मवेअर द्यावे, असे पत्र आम्ही काही जण मिळून कंपनीला पाठवणार आहोत. त्याचा उपयोग होईल का? त्यात काय लिहावे?

उत्तर : पत्र अवश्य पाठवा, मात्र ‘सगळे खुले करा’ एवढेच लिहाल, तर ‘ते आमच्या हातात नाही’ असे उत्तर येईल आणि ते बऱ्याच अंशी खरेही असेल. फर्मवेअर म्हणजे बटण दाबताच एका छोट्या फ्लॅश चिपमधून चालू लागणारा कोड. तो सहसा मोजक्या पुरवठादारांकडून घेतलेला असतो, आणि त्यातला मेमरी सुरू करणारा भाग इंटेल केवळ बायनरी रूपात, म्हणजे मूळ कोड न दाखवता, देते. १९९९ मध्ये लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेत सुरू झालेल्या आणि आज क्रोमबुकमध्ये असलेल्या कोअरबूट या मुक्तस्रोत फर्मवेअरलाही इंटेलच्या नव्या प्रोसेसरांवर ही बायनरी सोबत घ्यावी लागते.

म्हणून बोलणे कंपनीच्या अडचणीपासून सुरू करा. डिसेंबर २०२३ मध्ये उघड झालेल्या ‘लोगोफेल’ त्रुटी संगणक सुरू होताना पडद्यावर झळकणारे बोधचिन्ह वाचणाऱ्या कोडमध्ये होत्या. तो कोड मोठ्या पुरवठादारांचा असल्याने अनेक कंपन्यांचे संगणक एकदमच धोक्यात आले, आणि दुरुस्तीसाठी त्या कंपन्यांना पुरवठादारांच्या तोंडाकडे पाहावे लागले. कोड खुला असता, तर तुमच्यासारख्या जुन्या मॉडेलची दुरुस्ती कंपनीने हात वर केल्यानंतरही इतरांना करता आली असती.

प्रत्यक्ष मागणी नेमकी हवी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची मागणी कुलपाविषयीची आहे. कंपनीने मंजूर न केलेले फर्मवेअर हे कुलूप चालू देत नाही. इंटेलच्या ‘बूट गार्ड’ या कुलपात कंपनीच्या डिजिटल किल्लीची खूण चिपसेटच्या फ्यूजमध्ये, म्हणजे चिपमधल्या एकदाच लिहिता येणाऱ्या जागेत, एकदा कोरली की ती बदलता येत नाही. मग त्या मॉडेलसाठी कोअरबूट तयार असले, तरी मालकाला ते चालवता येत नाही. कुलूप नकोच, असे म्हणू नका, कारण त्याने घातक फर्मवेअर खरोखर अडवले जाते. फ्यूज न कोरलेला लॅपटॉप मागण्याची सोय ठेवा, असे म्हणा. सिस्टम७६ आणि स्टार लॅब्स या कंपन्या कोअरबूट असलेले लॅपटॉप विकतात, हेही जरूर लिहा.

तुमच्यापैकी कोणी एखाद्या संस्थेच्या खरेदी समितीवर असल्यास हीच अट निविदेत घालावी. शेकडो यंत्रांच्या मागणीपुढे विक्री विभाग टाळाटाळ करीत नाही. आणि पत्र पुढच्या मॉडेलविषयी लिहा, कारण विकलेल्या लॅपटॉपमधले फ्यूज कारखान्यातच कोरले गेलेले असतात.