साडेदहा नंबरचा बूट

प्रश्न : सर, १९६८-६९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास पाच जणांना मारून वर्तमानपत्रांना पत्रं पाठवणाऱ्या 'झोडिअ‍ॅक'चा मी चार वर्षं अभ्यास करतोय. तो कधीच सापडला नाही. माझ्या मते तो नौदलात होता (बुटाचे ठसे), ब्रिटिश वळणाच्या घरात वाढला होता (तो 'मेरी ख्रिसमस' न लिहिता 'हॅपी ख्रिसमस' लिहितो) आणि मुद्दाम स्पेलिंग चुकवणारा शिकलेला माणूस, बहुधा शिक्षक होता. माझी मांडणी पटते का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : अकरा पानं, पट्टीने आखलेले दोन नकाशे आणि समासात लाल शाई! तुमचं पत्र वाचताना हिने जेवायला दोनदा हाक मारली, मी उठलो नाही. त्यात शेवटी संशय आणलात तो आमच्याच जमातीवर. म्हणजे उत्तर देणं आलंच.

स्पेलिंगपासून सुरू करतो, कारण चौतीस वर्षं मी इंग्रजीचे पेपर तपासले. हा गृहस्थ 'पॅरडाइस'मध्ये एसच्या जागी सी लिहितो. वर्तमानपत्रांना पाठवलेल्या जुलै १९६९च्या सांकेतिक मजकुरात (अक्षरांऐवजी चिन्हं) लिहितो आणि नोव्हेंबरच्या मजकुरातही. अवघड शब्द बरोबर, सोपे चूक, म्हणून हे नाटक, असं तुम्ही म्हणता. अहो, बोर्डाच्या पेपरांचा एक गठ्ठा तुमच्यापुढे टाकायला हवा. 'नेसेसरी' अचूक लिहून 'देअर'चं वाटोळं करणारी पोरं मी ढिगाने पाहिली. त्यांतलं एकही नाटक करत नव्हतं.

आणि एक कबुली. १९८७ साली आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या टेबलावर एक निनावी चिठ्ठी सापडली. मजकूर घाणेरडा होता, आणि त्यात 'आशीर्वाद'चं 'आर्शीवाद' केलेलं. आठवी 'ब'मधला एक मुलगा तसंच लिहायचा, हे मला पाठ होतं. मी छातीठोकपणे त्याचं नाव सांगितलं. तो दोन तास ऑफिसबाहेर उभा होता. मग संध्याकाळी वर्गाच्या वह्या घरी आणल्या, तर बावन्नपैकी एकोणीस जणांचा 'आर्शीवाद'. चिठ्ठी लिहिणारा निघाला आमच्या शिक्षक-खोलीतला. मी आधी माणूस धरला आणि मग वह्या उघडल्या, उलट करायला हवं होतं.

आता बूट. २७ सप्टेंबर १९६९ला बेरियेसा तलावाकाठी चाकूहल्ला झाला, तिथे 'विंग वॉकर' जातीच्या साडेदहा नंबरच्या बुटांचे ठसे मिळाले. हे बूट हवाई दलात आणि नौदलात वापरायचे, हे खरं. पण तुमच्याच नकाशावर बघा. व्हॅलेओ गावात मेअर आयलंडची नौदलाची गोदी, जवळच फेअरफिल्डला ट्रॅव्हिस हवाई तळ. देवळाली कॅम्पात खाकी पँट सापडली म्हणून कोणी 'गुन्हेगार तोफखान्यातला' म्हणेल का? त्या भागात निवृत्त सैनिक, गोदीतले कामगार, त्यांचे मेहुणे, जुने बूट मागून नेणारे शेजारी, सगळेच आले.

'हॅपी ख्रिसमस'वर फार वेळ घालवत नाही. आमच्या सोसायटीत दर डिसेंबरला अख्खी इमारत तेच म्हणते.

खरी अडचण वेगळी आहे. तुमच्या सहाव्या पानावर 'त्याला डोकेदुखीचा जुना आजार होता' असं आहे. ते कुठून आलं? २२ ऑक्टोबर १९६९ला सॅन फ्रान्सिस्कोच्या टीव्ही कार्यक्रमात वकील मेल्विन बेली बसले होते. त्यांना एकाने फोन केला, नाव 'सॅम' सांगितलं आणि डोकं दुखतं म्हणून तक्रार केली. नंतरच्या फोनांचा माग नापाच्या मनोरुग्णालयातल्या एका रुग्णापर्यंत गेला. तरी हौशी संशोधकांनी त्या डोकेदुखीवर मजले चढवले. पुढे डिसेंबर २०२०मध्ये ३४० चिन्हांचा तो नोव्हेंबरचा मजकूर उलगडला, तर आत काय? टीव्हीवर बोलणारा मी नव्हतो, असं खुद्द त्यानेच लिहून ठेवलेलं! एक्कावन्न वर्षं ते वाक्य सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं.

दहाव्या पानावरचं 'दक्षिण कॅलिफोर्नियातला कॉलेज विद्यार्थी' हेही असंच. १९६६मध्ये रिव्हरसाइडला एका विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्याबद्दल 'तिला मरावंच लागलं' अशी हस्तलिखित पत्रं १९६७मध्ये आली आणि ती झोडिअ‍ॅकच्या खात्यावर मांडली गेली. त्यांतल्या तिकिटावरच्या डीएनएवरून लिहिणारा सापडला. तेव्हा तो शाळकरी वयाचा होता. खोडी काढली, असं त्याने कबूल केलं आणि माफी मागितली. म्हणजे हस्ताक्षरावरून जी 'पार्श्वभूमी' काढली, ती एका पोराची होती.

तुम्ही ज्यांच्यावर येऊन थांबता, ते आर्थर ली अ‍ॅलन. नौदलात होते, शिक्षक होते, मनगटावर झोडिअ‍ॅक कंपनीचं घड्याळ. तुमचे रकाने भरले. पण त्यांचे बोटांचे ठसे जुळले नाहीत, हस्ताक्षर जुळलं नाही, आणि पत्रावरच्या तिकिटामागून मिळालेला अर्धवट डीएनए २००२मध्ये तपासला तोही त्यांचा निघाला नाही. ते १९९२मध्ये वारले, खटला कधीच झाला नाही. हे सगळं तुम्ही तळटिपेत, बारीक अक्षरात घातलंत. पेपर तपासताना मी अशा बारीक अक्षराखाली आधी रेघ मारायचो.

हौशी लोकांना मी हिणवतोय असं समजू नका. १९६९चा पहिला, ४०८ चिन्हांचा मजकूर सोडवला तो सलिनसच्या एका हायस्कुलातले शिक्षक डोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या पत्नी बेटी यांनी, आठवड्याभरात. बेटीबाईंनी काय केलं? हा माणूस 'मी'पणाने फुगलेला आहे, म्हणजे सुरुवात 'आय'ने करणार आणि 'किल' हा शब्द असणारच, असा अंदाज बांधला. तुमच्यासारखाच, स्वभावावरून. पण त्यांच्या अंदाजापुढे कुलूप होतं. चूक असता तर पुढची ओळ गिचमिड निघाली असती. २०२०मध्ये ३४० चिन्हांचा मजकूर उलगडणाऱ्या तिघांचंही, अमेरिकेतले ओरॅन्चॅक, ऑस्ट्रेलियातले ब्लेक, बेल्जियमचे व्हॅन आयक, तेच. वाचण्याच्या लाखो दिशा संगणकावर धुंडाळल्या, तेव्हा तिरकी वाट सापडली. तुमच्या 'नौदल, ब्रिटिश, शिक्षक' या किल्लीला कुलूपच नाही. ती फिरवली की फिरतेच. आठवं पान मात्र मला आवडलं. तिथे तुम्ही पत्रांच्या तारखा आणि टपालाचे शिक्के एका कोष्टकात लावलेत. त्यावर आणखी काम करा.

प्रश्न : आपल्याकडे असा न सापडलेला खुनी झाला का?
— एक वाचिका, पनवेल

उत्तर : झाला. १९८०च्या दशकाच्या मध्यात सायन-किंग्ज सर्कल भागात फुटपाथवर झोपलेल्यांच्या डोक्यात दगड घालणारा 'स्टोनमॅन'. १९८९मध्ये कोलकात्यात तशाच पद्धतीने खून झाले. तोच माणूस रेल्वेने गेला, तांत्रिक होता, हमाल होता, अशा कथा तेव्हा लोकलमध्ये फुकट मिळायच्या. हमाल का, तर दगड जड होता म्हणून. याने एक ओळही लिहिली नाही, तरी त्याचं चरित्र तयार. मेलेल्यांपैकी कितीकांची मात्र ओळखही पटली नाही, आणि त्यांच्या पार्श्वभूमीवर अकरा पानं लिहून मला अजून कोणी पाठवलेली नाहीत.

प्रश्न : 'माझं नाव आहे...' असं लिहून झोडिअ‍ॅकने एप्रिल १९७०मध्ये तेरा चिन्हं दिली. ती मी सोडवली आहेत. नाव तुम्हाला कळवू का?
— एक विद्यार्थी, लातूर

उत्तर : कळवा, पण बंद पाकिटात, आणि छापायचा आग्रह नको, त्या माणसाला नातवंडं असतील. तेरा चिन्हं, त्यांत वेगळी फक्त आठ. इतक्या तुटपुंज्या मजकुरात कुणाचंही नाव बसवता येतं. तेव्हा सोबत त्याच तेरा घरांत बसणारी आणखी तीन नावं पाठवा. एक जरी पाठवता आलं, तर पहिलं पाकीट मी न उघडता परत करीन.