लिहित्यांचे प्रश्न : अद्भुताला अट हवी

अद्भुतरम्य साहसकथेत प्रेमकथा गुंफणाऱ्या ग्वाल्हेरच्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी कादंबरी २२ प्रकरणांची, सुमारे ७० हजार शब्दांची आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरातली एक मुलगी मोडी लिपीतले जुने कागद वाचते आणि त्यातल्या खुणांवरून किल्ल्याखालच्या अदृश्य नगरीत पोचते. प्रसंग भरपूर आहेत, तरी वाचणारे म्हणतात, ‘नायिका पहिल्या पानावर होती तशीच शेवटी आहे.’ कुठे चुकतंय?
(एक लेखिका, लष्कर)

उत्तर : प्रसंग भरपूर आहेत, तिथेच बहुधा पाणी मुरतंय. संकटं इतकी भराभर येतात की नायिका नुसती पळत राहते. एक कागद घ्या आणि प्रत्येक प्रकरणापुढे एकच ओळ लिहा: तिने काय ठरवलं आणि त्यापायी काय गमावलं. ‘दरवाजा उघडला’, ‘सैनिक आले’, ‘म्हाताऱ्याने नकाशा दिला’ असल्या ओळी चालणार नाहीत, कारण त्यांत करणारा दुसराच कोणी आहे. सलग तीन प्रकरणांपुढचा रकाना कोरा राहिला, तर दुरुस्तीची जागा सापडली.

नगरी शोधायची ही तिची इच्छा झाली. त्या इच्छेने कथा पुढे सरकेल, पण माणूस हलतो तो मनातली एखादी घट्ट समजूत सैल झाली की. समजा, तिची समजूत अशी: ‘कागदावर आहे तेच खरं, माणसं काय, काहीही बोलतात.’ मोडी वाचणाऱ्या मुलीला ही शोभते. आता ती तीनदा कसाला लावा. पाचव्या प्रकरणाच्या आसपास ती कागदावर विसंबते आणि जिवानिशी सुटते. इथे समजुतीचा फायदा दिसलाच पाहिजे, नाहीतर बाई मूर्ख वाटेल. अकराव्यात पुन्हा कागदावरच विसंबते आणि सोबत्याचा पाय दगडाखाली चेंगरतो. अठराव्यात कागद एक सांगतो, माणूस दुसरंच, आणि ती माणसाचं ऐकते, तेही घाबरत घाबरत. तिन्ही वेळा मांडणी ओळखू येईल इतकी सारखी ठेवा: वाटेचे दोन फाटे, अपुरा उजेड, हाताशी कमी वेळ. वेगळी असेल ती फक्त तिची निवड. ‘आता ती पूर्वीची राहिली नव्हती’ असं वाक्य लिहावंसं वाटलं, तर प्रसंगाने आपलं काम केलेलं नाही असं समजा.

बहुतेक हस्तलिखितांत मधली पायरी लंगडी पडते. लेखकाचा नायिकेवर जीव असतो, तिचं नुकसान करवत नाही, केलं तरी पुढच्या प्रकरणात जडीबुटीने भरून काढलं जातं. चेंगरलेला पाय बरा करू नका. तो सोबती शेवटच्या पानापर्यंत लंगडला पाहिजे आणि पळताना त्याच्यासाठी तिला थांबावं लागलं पाहिजे.

प्रश्न : जादूला नियम घाला असं सगळे सांगतात. किती घालायचे? शिवाय नगरीचं वर्णन चार पानं झालंय. कापू का?
(एक वाचक, मुरार)

उत्तर : नियम एक पुरे, दोन खूप झाले. पण तो अटीच्या रूपात हवा. तुमच्याच गावाची दंतकथा बघा. ग्वालिपा साधूने दिलेल्या पाण्याने सूरजसेन राजाचं कुष्ठ बरं झालं आणि शिवाय वरदानही मिळालं: वंशजांच्या नावात ‘पाल’ असेल तोवर गड तुमच्या घराण्याकडे. ८३ पिढ्यांनी अट पाळली. ८४ वा तेजकरण, आणि गड गेला. पाळायला फुकट, म्हणूनच विसरायला सोपी अशी ही अट आहे. वरदान आणि त्याचं जाणं, दोन्ही एकेका ओळीत सांगून होतं. तेजकरणाला ‘पाल’ का नकोसा झाला असेल, या प्रश्नापासून मात्र कादंबरी सुरू होऊ शकते. तुमच्या जादूची अटही नायकाच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारी हवी. मानी माणसाला मान झुकवायला लावणारी, बोलक्याला गप्प बसवणारी.

अट पहिल्या पाचव्या हिश्शात कळू द्या, म्हणजे ७० हजार शब्दांच्या कादंबरीत १४ हजारांच्या आत. ती मोडल्याची किंमत एखाद्या दुय्यम पात्राने मध्याआधी भरलेली दिसावी. आणि शेवटची सुटका ज्या वस्तूने होते ती आधी किमान दोनदा, दुसऱ्याच कामासाठी, येऊन गेलेली असावी. तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, असं गवई मानत आले आहेत. नायकाला शेवटी द्वारपालाला गाण्याने भुलवायचं असेल, तर हा पाला सुरुवातीला कोणाच्या तरी खोकल्यावर येऊ द्या, मध्यावर थट्टेत येऊ द्या. शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदाच खिशातून निघालेला पाला वाचक माफ करत नाही.

चार पानं कापू नका, कामाला लावा. किल्ल्याच्या चढणीवरच्या चतुर्भुज मंदिरातला इ.स. ८७६ चा शिलालेख लोक शून्याच्या अंकासाठी पाहायला जातात. लिहिणाऱ्याने त्यातला हिशेब पाहावा: फुलबाग २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा. एवढ्यात बाग दिसते, माळी दिसतात, त्यांची पहाटेची घाईही दिसते. तुमच्या नायिकेला नगरीत रोज ५० माळा ओवायच्या कामाला जुंपा. सुई बोटात घुसते, ४७ माळांवर फुलं संपतात आणि पहारेकरी एकेक माळ मोजून घेतो. तीन माळांची फुलं आणायला ती ज्या गल्ल्यांतून धावेल, त्यांतच तुमची चार पानं विरून जातील.

प्रश्न : आमचे नायक-नायिका आधी वैरी आहेत. पंधराव्या प्रकरणात प्रेम जमतं, ते अचानक वाटतं.
(मिळून लिहिणाऱ्या दोघी, लष्कर)

उत्तर : वैर कशावरून आहे ते आधी तपासा. गैरसमजावरून असेल तर ते एका संभाषणात मिटण्यासारखं असतं. मग दोघांना बोलूच न देण्याच्या क्लृप्त्या कराव्या लागतात आणि वाचक वैतागतो. तिला कागद बाहेर न्यायचा आहे, त्याला तो नगरीबाहेर जाऊ द्यायचा नाही आणि आपापल्या जागी दोघंही बरोबर आहेत, असं वैर टिकतं. पुढचा क्रम साधारण असा ठेवा: समोरच्याच्या कसबाची दखल, नाइलाजाने विसंबणं, एक गुपित, आणि मग करणाऱ्याला महाग पडणारी मदत. यातली पायरी गाळली की ‘अचानक’ वाटतं.

‘तिला पाहताच त्याचं काळीज धडधडू लागलं’ हे वाक्य कोणाच्याही कादंबरीत खपेल. त्याऐवजी हे पाहा: ‘त्याने कंदील तिच्या बाजूला सरकवला. आता त्याचा नकाशा अंधारात गेला होता.’ तो कागदावरून तिच्याशी भांडतोय हे ठाऊक असलेल्या वाचकाला आणखी काही सांगावं लागत नाही.

संबोधनही हाताशी आहे. दोघं ‘तुम्ही’ म्हणतात, भांडणाच्या भरात तिच्या तोंडून ‘तू’ निसटतं, ती लगेच सावरते. पुढे कधीतरी ती जाणूनबुजून ‘तू’ म्हणते. हा हुकमी पत्ता एकदाच खेळा. एकाच पानावर दोनदा अदलाबदल झाली तर वाचक मुद्रितशोधकाला बोल लावेल.

आणि प्रेमात पडल्यावर नायिका विरघळता कामा नये. राजा मानसिंह तोमराने (कारकीर्द १४८६ ते १५१६) मागणी घातली तेव्हा राई गावच्या गुजरीने म्हणे अट घातली, माझ्या गावच्या नदीचं पाणी महालात आणा. आता संग्रहालय असलेल्या गुजरी महालाची ही दंतकथा. राजावर प्रेम आहे, पण नदी सोडणार नाही! तुमची नायिका काय सोडणार नाही, हे पंधराव्या प्रकरणाच्या बरंच आधी तिच्या तोंडून येऊ द्या, आणि ते पुरवताना नायकाची दमछाक होऊ द्या.

प्रश्न : उपमा, रूपकं, चेतनगुणोक्ती किती वापराव्यात?
(एक विद्यार्थी)

उत्तर : अद्भुतकथेत चेतनगुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तूला सजीवासारखं वागवणं, जपून. ‘भिंतीने कान टवकारले’ हे घरगुती कथेत अलंकार म्हणून वाचलं जातं; जादूच्या नगरीत वाचक भिंतीचे कान शोधू लागतो. जादूची हद्द कळेपर्यंत, निदान पहिली तीन प्रकरणं, सरळ लिहा. उपमा पात्राच्या व्यवसायातून घ्या. मोडीवाल्या मुलीला बोरू, शाई, वाळवीने खाल्लेला कागद सुचेल. समुद्राच्या लाटा ग्वाल्हेरात तिला कशाला आठवतील?

प्रश्न : पहिल्याच पानावर भविष्यवाणी द्यावी का?
(एक वाचक, लष्कर)

उत्तर : खरी ठरणारी, पण चुकीची वाचली जाणारी असेल तर द्या. वर मोडी कागदाची कथा आहेच, तिचाच उपयोग पाहा. मोडीत शब्द सलग लिहितात, विरामचिन्हं नसतात. कागदावर ‘परततोवरथांब’ असं असेल तर ते ‘परततो, वर थांब’ असं वाचता येतं आणि ‘परततो वर, थांब’ असंही. पहिल्यात तिने वर जाऊन वाट पाहायची आहे, दुसऱ्यात आहे तिथेच. कागदावर भरवसा असलेली मुलगी एकच वाचन धरून बसेल. दुसरं वाचन तिला स्वतःला सुचू देऊ नका. ते लंगड्या सोबत्याच्या तोंडी घाला, आणि त्याला अक्षरओळख नसली तर आणखी बरं: ती मोठ्याने वाचेल, तो कानाने ऐकेल.