फेटलिंगची धूळ, छातीचा एक्स-रे आणि कोरा राजीनामा

प्रश्न : शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी नऊ वर्षं ठेकेदारामार्फत फेटलिंगला, म्हणजे धातूचे ओतलेले भाग (कास्टिंग) घासून साफ करायच्या कामाला आहे. कारखान्यात ८५ कामगार आहेत. दोन वर्षांपूर्वी खोकला सुरू झाला, टीबी समजून सहा महिने गोळ्या दिल्या, फरक पडला नाही. आता सरकारी दवाखान्यातल्या छातीच्या डॉक्टरांनी ‘सिलिकोसिसचा संशय’ (वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार) लिहून दिलाय. मॅनेजर म्हणतो फिटनेस आण, नाहीतर येऊ नको. ठेकेदार कोऱ्या कागदावर सही मागतो. तक्रार कुठे करू? नाव फुटेल का? पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो, मग भरपाई कोण देणार?

उत्तर : आधी सहीचं बोलू. कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू नका, मग त्या बदल्यात कितीही रक्कम पुढे केली तरी. आजच एक पत्र लिहा : मी राजीनामा दिलेला नाही, आजारी आहे, उपचार चालू आहेत, धुळीपासून लांबचं काम दिल्यास करायला तयार आहे. हे पत्र कंपनी आणि ठेकेदार दोघांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावत्या जपून ठेवा. उद्या ‘हा स्वतःच काम सोडून गेला’ असं कोणी म्हटलं, तर उत्तर म्हणून हीच पावती दाखवायची.

बाहेरून फिटनेस आणायला सांगणं म्हणजे मालकाने आपली जबाबदारी तुमच्या गळ्यात घालणं. फाउंड्री ही कायद्याच्या अनुसूचीत धोकादायक प्रक्रियांमध्ये मोडते. अशा ठिकाणी कामाला लावण्याआधी आणि नंतर वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी मालकानेच करून घ्यायची असते आणि तिची नोंद कामगाराला पाहायला मिळायला हवी. नऊ वर्षांत तुमचे किती एक्स-रे काढले, ते लेखी विचारा. एकही काढला नसेल तर तोच तुमच्या तक्रारीतला सर्वांत वजनदार मुद्दा.

आता डॉक्टरांचा कागद. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियम, १९४८ ची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता, २०२० ने घेतली आहे. तिच्या कलम १२ प्रमाणे सिलिकोसिससारखा आजार दिसला तर कारखान्याने तर कळवायचंच, पण तपासणाऱ्या डॉक्टरांनीही मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाला विनाविलंब लेखी कळवायचं असतं. त्यासाठी खात्रीचं निदान लागत नाही, डॉक्टरांना तसं वाटणं पुरेसं आहे. बरेच डॉक्टर हे करत नाहीत, कारण त्यांना कोणी विचारतच नाही. तुम्ही विचारा. केसपेपरवर फक्त ‘जुनाट खोकला’ नको. फेटलिंगचं काम, नऊ वर्षं, सिलिकायुक्त वाळूची धूळ हे शब्द त्यावर यायला हवेत. टीबीचे जुने कागद फेकू नका. सिलिकोसिस झालेल्याला टीबी होण्याचा धोका वाढतो आणि दोन्ही एकत्रही असू शकतात, त्यामुळे ‘टीबी होता’ एवढ्यावरून तुमचा दावा पडत नाही.

तक्रार द्यायची ती औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तुमच्या जिल्ह्याच्या कार्यालयात. ठेकेदाराचा माणूस असलात तरी कारखान्यापुरते तुम्ही कामगारच आहात. अर्ज एका पानाचा असावा आणि त्यात नेमकेपणा हवा : किती ग्राइंडर चालतात, धूळ ओढणारी यंत्रणा आहे का आणि चालू असते का, शेकआउट (साचा फोडून कास्टिंग बाहेर काढणं) कोणत्या पाळीत होतं, मास्क कोणता मिळतो. साध्या कापडी मास्कने ही बारीक धूळ अडत नाही. आयएस ९४७३ मानकाचा मास्क मिळत नसेल तर तसं लिहा. पण मास्क हा शेवटचा उपाय, धूळ जिथे उडते तिथेच ओढून घेणं हा पहिला. अर्जाच्या वरच्या बाजूला ‘नाव गोपनीय ठेवावे’ असं लिहा. जुन्या कायद्याच्या कलम ११८-अ मध्ये तक्रारदाराचं नाव आणि तपासणी तक्रारीवरून होते आहे ही गोष्ट, दोन्ही मालकाला न सांगण्याचं बंधन निरीक्षकावर स्पष्ट शब्दांत होतं. त्याचा उल्लेख अर्जात करा. आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. तरीही आजारी माणूस एकच असेल तर अंदाज बांधणं सोपं असतं, म्हणून तिघाचौघांच्या सह्या असलेल्या बऱ्या.

तपासणी बहुतेक वेळा हवेच्या नमुन्यापाशी फसते. खरा नमुना कामगाराच्या अंगावर घेतात : कमरेला छोटा पंप, कॉलरजवळ फिल्टर, पूर्ण पाळीभर. मशिन कोपऱ्यात किंवा दाराशी ठेवून तासाभरात उचललं, तर तुमच्या नाकातोंडात काय जातं ते कळत नाही. निरीक्षक यायच्या दिवशी निम्मे ग्राइंडर बंद ठेवणं, जमिनीवर पाणी मारणं, दारं सताड उघडणं हेही होतं. म्हणून फेटलिंगवाल्याच्या अंगावर पूर्ण पाळीचा नमुना घ्यावा, ही मागणी अर्जातच करा. त्या दिवशी किती कास्टिंग साफ झाल्या आणि एरवी किती होतात, ते वहीत टिपून निरीक्षकांना सांगा.

अहवालातला आकडा वाचता यायला हवा. जुन्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीतलं सूत्र असं : श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या धुळीत क्वार्ट्झ (वाळूतली स्फटिक सिलिका) किती टक्के ते पाहा, त्यात २ मिळवा आणि १० ला त्या बेरजेने भागा. क्वार्ट्झ ८ टक्के असेल तर मर्यादा घनमीटरला १ मिलिग्रॅम, १८ टक्के असेल तर अर्धा मिलिग्रॅम. क्वार्ट्झची टक्केवारीच दिली नसेल, तर ‘धूळ मर्यादेत’ या शेऱ्याला अर्थ नाही.

अहवाल आपोआप तुमच्या हाती येईलच असं नाही. जोडपत्र ‘अ’ मध्ये माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. तपासणी टिपण, नमुन्याचे निकाल आणि कारखान्याला दिलेल्या नोटिसा हे तिन्ही वेगवेगळे मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

या तपासणीतून तुम्हाला पैसे मिळत नाहीत, ती कारखान्यासाठी असते. भरपाईची वाट वेगळी आहे आणि ईएसआय लागू असेल तर ती ईएसआय महामंडळातूनच जाते, मालकावर वेगळा भरपाईचा दावा चालत नाही. सिलिकोसिस हा व्यावसायिक आजार धरला जातो, म्हणजे कामावर झालेल्या इजेसारखाच. तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी मजुरीच्या ९० टक्के मिळतात. कायमचं अपंगत्व असेल तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. मात्र या आजारासाठी अशा कामात सलग किती काळ घालवला ते पाहतात. नऊ वर्षांत ठेकेदार बदलले असतील तर कागदावर तुमची नोकरी तुकड्यातुकड्यांत दिसेल. पीएफचं पासबुक, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, जुने गेटपास जमवून ते तुकडे जोडा. ईएसआय कापला पण भरलाच नाही, असंही सापडतं. विमा क्रमांकावरून भरणा तपासा. ठेकेदाराने बुडवला असला तरी मूळ कंपनी जबाबदार राहते.

शेजारच्या ग्राइंडरवरच्या ज्यांना खोकला आहे, त्यांना या आठवड्यातच एक्स-रे काढायला सांगा, निरीक्षक येण्याची वाट पाहू नका.