बेसमेंटच्या खोदाईला स्टीलची शीट पाइल आरसीसी भिंतीपेक्षा खरंच स्वस्त पडते का?

तुमचा खाडीकाठचा प्लॉट, ४ मीटर खोल बेसमेंट, आणि काँट्रॅक्टर म्हणतोय आरसीसी सोडा, स्टीलची शीट पाइल (कडांना एकमेकांत अडकणारे, जमिनीत उभे ठोकायचे लांब लोखंडी पत्रे) मारू, स्वस्तात होईल. पायलिंगच्या साइटवर बरीच वर्षं काढलीत म्हणून सांगतो, तो खोटं बोलत नाहीये पण अर्धंच सांगतोय. कारण शीट पाइल मारली तरी बेसमेंटची आरसीसी भिंत आतून बांधावी लागणारच आहे, ती काही वाचत नाही. शीट पाइल फक्त खोदाई चालू असताना माती आणि पाणी अडवते.

नुसत्या मालाचा हिशोब केला तर स्टील महागच. ४ मीटर खोदाईला गाळात ९ मीटरची पाइल धरा (निम्म्याहून जास्त तर खालीच गाडली जाते, वर आतून आडवे टेकू म्हणजे स्ट्रट द्यावे लागतात ते वेगळे), वजन चौरस मीटरला १२० किलोच्या आसपास, म्हणजे रनिंग मीटरला (भिंतीच्या लांबीच्या दर मीटरला) १०८० किलो, टनभर लोखंड झालं की. किलोला ६० रुपये धरले तरी ६५ हजार. एवढं जमिनीत पुरून कोण ठेवणार?

पुरून ठेवायचं नसतंच. भिंत झाली, स्लॅब पडला, मागे भराव टाकला की व्हायब्रो हॅमरने (पाइल थरथरवून मोकळी करणाऱ्या मशीनने) उपटायची आणि पुढच्या साइटला न्यायची, तीच पाइल अनेकदा वापरता येते म्हणून एका कामावर भाड्यापुरताच खर्च पडतो. तुमचं एकच काम असेल तर विकत घेऊ नका, भाड्याने घ्या. याच जागी काँक्रीटच्या शोअर पाइल (खड्ड्याच्या कडेने माती अडवायला ओतलेले काँक्रीटचे खांब) केल्या तर त्या कायमच्या जमिनीत जातात, परत काहीच मिळत नाही.

आणि काहीच न लावता उघडी खोदाई केली तर? खाडीचा गाळ उभा राहत नाही, उतार देत देत खड्डा दुप्पट होतो, तेवढे डंपर जास्त, तेवढा भराव परत, शिवाय पंप रात्रंदिवस. शीट पाइलच्या कडेच्या खाचा, म्हणजे क्लच, एकमेकांत अडकलेले असल्याने पाणी बरंच अडतं, आणि मारली की लगेच खोदायला सुरुवात, क्युरिंगसाठी थांबणं नाही. जूनच्या आत जमिनीवर यायचं असेल तर खरे पैसे इथे वाचतात, पावसात भरलेला खड्डा उपसायचा खर्च एकदा बघितलाय, परत नको.

पण खाली काय आहे ते आधी बघा. पुण्याकडच्या एका कामावर माती तपासायचं बोअर न घेताच पाइल आणल्या होत्या, अडीच मीटरवर काळा पाषाण लागला, टोकं वाकली आणि मशीन भाडं खात नुसतं उभं! तिथे शेवटी ड्रिल करून एच बीम उभे केले, मध्ये फळ्या घातल्या. बोअर लॉगमध्ये (त्या बोअरच्या नोंदीत) एन व्हॅल्यू, म्हणजे जमीन किती कडक ते सांगणारा आकडा, ५० च्या वर दिसायला लागली की पाइल सहज जाणार नाही असं समजा.

अजून एक, शेजारी जुनी बिल्डिंग भिंतीला भिंत लागून असेल तर उपटताना हादऱ्याने माती खचते, अशा बाजूची पाइल बऱ्याचदा तिथेच सोडावी लागते. त्या बाजूला भाडं नाही, पूर्ण किंमत लागणार, तेव्हा कोटेशनमध्ये किती मीटर उपटणार आणि किती सोडणार हे वेगवेगळं लिहून घ्या.