शाकाहारी फरसाणाच्या पाकिटावर हलालचा छाप कशाला? असा माल घ्यावा का?

आम्ही इंदूरचे, शेवेशिवाय पान हलत नाही, त्यामुळे हा प्रश्न आमच्याही घरात निघाला. परवा सासूबाईंनी पाकीट उलटं करून दाखवलं: हिरवा ठिपका आणि शेजारी बारीक अरबी अक्षरं. "यात मांसाचं काही असतं का गं?" अजिबात नाही. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारीच. हलालचा छाप एवढंच सांगतो की मालात डुकराची चरबी, दारू असलं काही नाही. आखाती देशांत, मलेशियात माल विकायला तो कामी येतो.

कायद्याने सक्तीचा आहे तो एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांक. हलाल प्रमाणपत्र खासगी संस्था शुल्क घेऊन देतात. त्या पैशांचा हिशेब विचारायचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. उत्तर प्रदेशाने मात्र नोव्हेंबर 2023 मध्ये, निर्यात वगळून, अशा मालावर बंदीच घातली. मला ते पटत नाही. छाप ठळक दिसू द्या. मटणाच्या दुकानावरही हलाल की झटका (एका घावात कापलेलं) ते लिहा, कारण अनेक शीख गिऱ्हाइकांना झटकाच लागतो. आणि छापाचा माल नकोच असेल, तर आपल्या नेहमीच्या दुकानातून सुटी शेव तोलून आणा, आम्ही तीच आणतो.