इंग्लंडमधल्या पबमध्ये फोक गाण्यांच्या बैठकीला कोणतं वाद्य घेऊन जावं?

तुम्ही लिहिलंय की शेफिल्डला मास्टर्सला आलाय, जवळच्या पबमध्ये दर आठवड्याला लोक जमून फोक गाणी म्हणतात, तुम्हाला पेटी बऱ्यापैकी येते, गिटारवर चार-पाच कॉर्ड, आणि आता मेलोडियन, म्हणजे बटणांचा छोटा अकॉर्डियन, घ्यायचं डोक्यात आहे. इतक्यात पैसे घालवू नका.

आधी बारवर विचारा की तिथे सेशन असतं की सिंगअराउंड, मामला पूर्ण वेगळा आहे. सेशनमध्ये फिडल, बासऱ्या, मेलोडियन घेऊन सगळे एकदम जिग न् रील या नाचाच्या चाली वाजवत सुटतात, बरंचसं डी नाहीतर जी मध्ये, म्हणजे आपली पांढरी दोन आणि पांढरी पाच, गाणं मधेच एखादं. सिंगअराउंडमध्ये गोल बसायचं, पाळी आली की गायचं, नको असेल तर पास म्हटलं तरी कोणी काही म्हणत नाही, आणि कोरस आला की अख्खी खोली सुटते, कोणी खालून कोणी वरून हार्मनी लावतं. बरेच जण वाद्याशिवायच गातात. पट्टी कुठली ते कोणी सांगत नाही, ग्लास खाली ठेवतात आणि सुरू, कधीकधी तर काळी एक आणि पांढरी दोनच्या मधेच कुठेतरी. तिथे तुमचं डी-जी मेलोडियन काय करणार, एकच बटण भाता दाबला की एक सूर, ओढला की दुसरा, आणि त्या दोन पट्ट्यांपलीकडे फार काही हाताला लागत नाही.

कॉन्सर्टिना, म्हणजे दोन्ही हातांत धरायची छोटी भात्याची पेटी, घ्यायचीच तर इंग्लिश सिस्टिमची बघा, दाबा किंवा ओढा सूर तोच आणि बाराही स्वर मिळतात, गाण्याच्या साथीला ती बरी. पण जुनी चांगली घ्यायची तर हजार पौंडाच्या पुढेच. गिटारला मात्र कॅपो, म्हणजे पट्टी बदलायचा तारांवरचा चिमटा, लावा, काम भागतं. युकुलेलेबद्दल मी गप्प बसतो.

माझं मत विचाराल तर स्वतःच्या गाण्याला श्रुतीपेटी. हसू नका, इथले बरेच फोक गायक ती वापरतात. कारण सरळ आहे, जुन्या इंग्लिश चालींत डोरियन आणि मिक्सोलिडियन खूप, म्हणजे आपले काफी आणि खमाज थाटच की, त्यांना कॉर्ड बदलत बसण्यापेक्षा नुसता षड्ज-पंचम मागे भरून राहिला तर गाणं जास्त खुलतं, आणि तुमचा कान तसाही त्याच सवयीचा. घरची पेटी आणली असेल तर तिच्यावरही हेच करा, सा आणि प या दोनच पट्ट्या दाबून धरायच्या आणि भाता एकदम हळू.

दुसऱ्याच्या गाण्यात मात्र न विचारता साथ धरू नका. आपल्याकडे गायकाने आ केला की पेटीवाला पट्टी पकडून मागे निघतो आणि लोक त्याला दाद देतात, इथे त्याला आगाऊपणा म्हणतील, तोंडावर नाही म्हणणार पण बघतील तसं. ढोलकी किंवा बोधरान (आयरिश डफ) असेल तर दुप्पट जपून.

आणि शेफिल्डलाच आहात तर नोव्हेंबरच्या मध्यापासून बॉक्सिंग डेपर्यंत (२६ डिसेंबर) डंगवर्थ, स्टॅनिंग्टनकडच्या पबमध्ये तिथली गावठी कॅरोल्स, म्हणजे नाताळची गाणी, गातात तिकडे जाच, काही ठिकाणी ऑर्गन असतो साथीला, वाद्य न्यायची गरजच नाही, फक्त लवकर पोचा, गर्दी इतकी असते की उभं राहायलाही जागा मिळत नाही.