कंपनीचं नाव नंतर, आधी विभाग सांग

तुझं पत्र वाचलं. संख्याशास्त्राची पदवी हातात यायला दोन महिने आहेत, एका मोठ्या विमा कंपनीकडून ‘मॅनेजमेंट ट्रेनी’ म्हणून ऑफर आली आहे आणि घरात दोन तट पडलेत. बाबा म्हणतात, “एवढं शिकून शेवटी ओळखीपाळखीच्यांना पॉलिसी विकत फिरणार का?” आई म्हणते, मोठी कंपनी आहे, सुखाची नोकरी. तुझा प्रश्न तिसराच: तिथे लोक दिवसभर करतात तरी काय, आणि एवढ्या पसाऱ्यात आपण हरवून तर जाणार नाही ना?

तुझ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकी दोघांची उत्तरं त्यातच येतात.

विमा कंपनी आज पैसे घेते आणि पुढे कधीतरी, वेळ आलीच तर, पैसे देण्याचं वचन देते. हे वचन द्यायचं का, हे अंडररायटर ठरवतो. कितीला द्यायचं आणि ते पाळायला गंगाजळी पुरेल का, हे अ‍ॅक्च्युअरी बघतात. वेळ आल्यावर ते लागू होतं का, हे क्लेम्सवाले तपासतात. विक्री, गुंतवणूक, कायदा, आयटी ही खाती याच्या आजूबाजूला. त्यामुळे ‘मी अमुक कंपनीत आहे’ एवढ्यावरून तुझा दिवस कसा जातो हे कुणालाच कळणार नाही. एकाच इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी पूरक्षेत्राचे नकाशे बघत असतो आणि खालच्या मजल्यावर कुणी महिन्याचं टार्गेट पुरं होईना म्हणून घामाघूम झालेला असतो.

बाबांचं म्हणणं इथे अर्धं खरं ठरतं. ‘ट्रेनी’ या गोड शब्दाआड कधीकधी निव्वळ विक्री असते. विक्रीला मी कमी लेखत नाही, ती ज्याला जमते त्याला उत्तम पैसा मिळतो. पण उत्पन्नाचा मोठा भाग कमिशनवर असतो, आणि ग्राहकाने लवकरच हप्ते थांबवले तर पुष्कळ ठिकाणी दिलेलं कमिशन परतही घेतलं जातं. तिथे जायचं तर ठरवून जा, फसून नको.

मला विचारशील तर पहिली दोन वर्षं क्लेम्समध्ये काढावीत. यात माझा पक्षपात आहे. समुपदेशनाकडे वळण्याआधी मी एका विमा कंपनीत चार वर्षं हेच काम केलं. सुरुवातीलाच आगीत जळालेल्या एका लहान कारखान्याची फाइल आली. मालकाने यंत्रांचा जो आकडा टाकला होता, त्याच्या निम्माही नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरच्या अहवालात नव्हता. मी त्या माणसाला मनातल्या मनात खोटारडा ठरवून तीन आठवडे टोलवलं. मग वरिष्ठांनी विचारलं, “पॉलिसीत यंत्रांची किंमत कशी धरायची लिहिलंय?” ते पान मी वाचलंच नव्हतं. मालकाने नव्या यंत्रांचा भाव लावला होता, सर्व्हेअरने घसारा वजा केला होता, आणि पॉलिसी नव्या यंत्रांच्या भावाची होती. त्यानंतर मी एकही फाइल पॉलिसी न वाचता उघडली नाही.

या खात्यात माणसं त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी फोन करतात. त्यांना कधी ‘नाही’ म्हणावं लागतं, तेही कलम दाखवून आणि आवाज न चढवता. खोटे दावे येतात, पण प्रत्येक दावा खोटा वाटायला लागला की समजावं, आता खातं बदलायला हवं. मोठं वादळ आलं की शेकडो दावे एकदम कोसळतात आणि सगळ्यांच्या रजा रद्द होतात. 1992 मध्ये फ्लोरिडात आलेल्या ‘अँड्र्यू’ चक्रीवादळाने तर काही विमा कंपन्याच बुडवल्या. तेव्हापासून अशा आपत्तींचा अंदाज बांधणारी संगणकी मॉडेल्स सर्रास वापरात आली. तुझ्या विषयाच्या मुलांना त्या कामात चांगली जागा आहे.

अ‍ॅक्च्युअरी व्हायचं का, असंही तू विचारलं आहेस. धूमकेतूवाल्या हॅलेने 1693 मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता मांडला. वयानुसार हप्ता ठरवण्याची वाट तिथून निघते. तुला गणित आवडतं, म्हणजे काम आवडेलच. अडचण परीक्षांची आहे. नोकरी सांभाळून एकामागून एक पेपर द्यायचे, नापास व्हायचं, पुन्हा बसायचं, असं बरीच वर्षं चालतं. बऱ्याच मोठ्या कंपन्या अभ्यासाची रजा आणि परीक्षेची फी देतात, तेवढं आधी विचारून घे.

आता हरवण्याचं. मोठ्या विमा कंपनीत क्लेम्स आणि अंडररायटिंगमध्ये प्रत्येकाला रकमेची मर्यादा ठरवून दिलेली असते. तेवढ्यापर्यंत निर्णय तुझा, त्याहून मोठ्या रकमेला वरिष्ठाची सही. तुझी वाढ हुद्द्यापेक्षा या मर्यादेवरून जास्त कळते. उतावळ्या माणसाचा इथे जीव घुसमटतो, कारण सगळं सावकाश चालतं. आयुर्विम्याची पॉलिसी तीसतीस वर्षं चालते, त्यामुळे तुझ्या जन्माआधीची सॉफ्टवेअरही भेटतील. उलट बाजू अशी की दोन वर्षांनी खातं बदलायची सोय मोठ्या कंपनीतच असते, आणि जहाजांचा किंवा उपग्रहांचा विमा आयुष्यभर कोळून प्यालेली माणसंही तिथेच सापडतात. अशा कुणाच्या शेजारची खुर्ची मिळाली तर सोडू नकोस.

आईला सांग, सुखाची नोकरी म्हणता येणार नाही, पण सहसा टिकाऊ असते.

सही करण्याआधी एचआरला ईमेलने तीन गोष्टी विचार: माझा पहिला विभाग कोणता, माझ्या कामाच्या मूल्यमापनात प्रीमियमचं टार्गेट आहे का, आणि खातं किती काळाने बदलता येतं. ‘रुजू झाल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे असं धरून चाल, आणि मग मला पुन्हा लिही.